'दीनार' अरबी? अजिबात नाही!

प्रश्न असा आहे: रोमन सम्राट टायबेरियसच्या चांदीच्या नाण्याला मराठी अनुवादात 'दिनार' म्हणणे चूक नाही का? अरबी शब्द पहिल्या शतकातल्या रोमन माणसाच्या तोंडी कसा येईल?

कुवेत, इराक, बहारीन यांच्या चलनाचे नाव दीनार, म्हणून शब्द अरबी! हे इतक्यांदा ऐकले आहे की आता चीड येते. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावर दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळातला लेख आहे, गुप्त संवत 93 म्हणजे इ.स. 412-13 चा. त्यात अम्रकार्दवाने संघाला 25 दीनार दिल्याची नोंद आहे. खलिफा अब्द अल्-मलिकने आपला सोन्याचा दीनार पाडला तो 696-97 च्या सुमारास, म्हणजे त्यानंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षांनी. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात 'निष्क' शब्दाचे अर्थ देताना 'दीनारेऽपि च निष्कोऽस्त्री', म्हणजे निष्क याचा एक अर्थ दीनारही, असे आले आहेच. अरबांनाही हा शब्द रोमन जगातूनच मिळाला, ग्रीक आणि अरामी वाटेने.

मूळ शब्द लॅटिन 'देनारियस'. त्यात 'देनी' आहे, आणि 'देनी' म्हणजे आपण म्हणतो तसे 'दहा-दहा'. इ.स.पू. 211 च्या सुमारास, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध चालू असताना रोमने हे चांदीचे नाणे काढले. त्याची किंमत तांब्या-काशाचे दहा 'आस', म्हणून हे नाव. सत्तरेक वर्षांनी किंमत सोळा आस झाली, तरी नाव दहाचेच राहिले. आपल्याकडे 1957 मध्ये दशमान पद्धत आली तरी पंचवीस पैशांना लोक चार आणेच म्हणत राहिले, तसेच हे. आता खरी गंमत पाहा. लॅटिन 'देकेम' आणि संस्कृत 'दश' एकाच मुळाचे. म्हणजे आपला 'दहा' आणि हा 'दीनार' सख्खे नसले तरी चुलत भाऊ नक्कीच आहेत, आणि व्यापाराच्या निमित्ताने ते भारतात पुन्हा भेटले!

संस्कृत वैयाकरण मात्र उणादि सूत्राने 'दीङ्' म्हणजे क्षय होणे या धातूपासून 'दीनार' साधतात. ही व्युत्पत्ती नव्हे, ओढाताण आहे. परका शब्द परका म्हणायला कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही.

मग चांदीच्या नाण्याचे नाव भारतात सोन्याला कसे चिकटले? कुशाणांनी रोमन वजनाच्या जवळपास सोन्याची नाणी पाडली आणि त्यांना हे नाव मिळाले, असे सांगतात. मला हे अर्धेच वाटते. रोमन सोन्याच्या नाण्याला नुसते 'ऑरियस' म्हणत, पण 'देनारियस ऑरियस', म्हणजे सोन्याचा देनारियस, असेही म्हणत. असा एक सोन्याचा, तर चांदीचे पंचवीस. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचला येणाऱ्या मालाच्या यादीत सोन्याचे आणि चांदीचे देनारियस शेजारी शेजारी आहेत, आणि स्थानिक नाण्यांशी बदलताना त्यांवर नफा मिळतो असेही लिहिले आहे. माझे मत असे की भडोचच्या सराफांच्या बोलण्यात 'सोन्याचा' हे विशेषण तेव्हाच गळले. मोठे व्यवहार सोन्यात, मग दीनार म्हटले की सोनेच. कुशाणांना शब्द तयार मिळाला. याविरुद्ध कोणाकडे शिलालेखाचा पुरावा असेल तर जरूर दाखवावा. नुसते 'सर्वमान्य आहे' हे उत्तर मला चालणार नाही.

हाच देनारियस पोर्तुगीजांचा पैशाचा शब्द 'दिन्येरु' झाला, आणि इंग्रज 1971 पर्यंत पेनीसाठी जे 'डी' अक्षर लिहीत तेही त्याचेच.

तेव्हा टायबेरियसच्या नाण्याला दीनार खुशाल म्हणा, पण 'दी' दीर्घ लिहा. आणि कोणी 'टायबेरियसचा सोन्याचा दीनार' असे मोघम लिहिले तर आधी विचारा, नाणे ऑरियस की देनारियस? कोइमतूर भागात त्याची चांदीची नाणी ढिगांनी सापडली आहेत.