रियाज आधी, पिशव्या नंतर

अगं,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पाहुणी कलाकार म्हणून गेलीस, सकाळ-दुपार सामान भरण्यात गेली, संध्याकाळी व्हायोलिन घेतलं तर गज थरथरतोय. आणि लगेच ठरवून मोकळी झालीस, की आपली तयारीच कच्ची! काहीतरीच. आधी रियाज, मग बाजार, एवढंच पाळ.

भरलेल्या दोन पिशव्या बोटांत अडकवून पंधरा-वीस मिनिटं चाललं, की बोटं मिटणारे, कोपराखालचे स्नायू सगळा वेळ आवळलेले राहतात आणि दमतात. तार दाबायला आणि गज धरायला तेच स्नायू लागतात. दमलेला हात मग अंगठ्याने गज आवळतो, मनगट ताठ होतं, सूर दबतो. तशातच तू तासभर घासत बसलीस, म्हणजे तो ताठरपणाच घोटलास. जड सामान पाठीवरच्या सॅकमध्ये घे, दोन्ही पट्टे खांद्यांवर. सगळं एकाच फेरीत आणायचा हट्ट सोड. परतल्यावर अर्धा तास तरी व्हायोलिनला हात नको. भांडी घासल्यावरही तेच, कारण पाण्याने बोटांची टोकं मऊ पडतात आणि तार रुतते.

सकाळी दुकानात गर्दी नसते, असं म्हणशील. असू दे. गर्दीत उभं राहायला ताजे हात लागत नाहीत.

उठल्यावर दीड तास पुरे. पहिली १० मिनिटं मोकळ्या तारा: ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला ६० वर, गज एकदा ओढताना ८ ठोके. मग स्केल, सूर ओळीने चढत-उतरत. मग रचनेतले अडणारे चारच बार, म्हणजे ठोक्यांचे छोटे गट, मूळ लयीच्या निम्म्याने; ओळीने तीनदा बिनचूक आले की मेट्रोनोम मिनिटाला ४ ठोक्यांनी वाढव, चुकलं की मागे ये. दर २५ मिनिटांनी ५ मिनिटं व्हायोलिन खाली. संध्याकाळी शेजाऱ्यांसाठी आवाज दाबणारा म्यूट लावून बोटं फिरव हवं तर, पण गजाचं काम म्यूटवर करू नकोस. खरखर त्यात झाकली जाते.

मी हट्टी आहे हे ऐकून आहे. थकल्या हाताने मोजलेले तास रियाजात धरायचे नसतात, हे मला फार उशिरा उमगलं, म्हणून तुझ्यावर ओरडणं भाग आहे.

बाजारात जाताना व्हायोलिन खोलीवरच ठेव, उन्हापासून आणि हीटरपासून लांब. वसंतातलं कोवळं ऊनही फसवं असतं. बंद गाडी १० मिनिटांत साधारण १० अंशांनी तापते. व्हायोलिनचे जोड सरसाने चिकटवलेले असतात, उष्णतेने सरस मऊ पडतो आणि जोड सुटतात.

तुझी ए तार घसरते, त्यालाही ऋतूच कारण असणार. रात्री हीटरची कोरडी हवा, दिवसा दमट. लाकूड आकसतं, फुगतं. केसमध्ये छोटा आर्द्रतामापक ठेव, काटा ४० ते ६० टक्क्यांत राहू दे. तार जिला गुंडाळलेली असते ती खुंटी नुसती पिळू नकोस, आत दाबत फिरव. सगळ्या तारा एकदम कधीही सैल करायच्या नाहीत: आतला साउंडपोस्ट, म्हणजे उभा लाकडी दांडका, चिकटवलेला नसतो, दाबावरच उभा असतो, तो पडेल. दर वेळी सूर लावल्यावर ब्रिज, म्हणजे तारा पेलणारी उभी लाकडी पट्टी, बाजूने बघ. त्याचं वरचं टोक हळूहळू फिंगरबोर्डकडे, म्हणजे बोटांनी तारा दाबतो त्या पट्टीकडे, ओढलं जातं.

तरीही घसरली, तर फक्त तीच तार काढून खुंटी बघ. दोन ठिकाणी चकाकणारी कडी दिसायला हवीत, खुंट्यांच्या पेटीच्या दोन्ही भिंतींना टेकते तिथे. एकच दिसलं तर खुंटी नीट बसलेली नाही. ते काम कारागिराचं. तू खडू-बिडू लावत बसू नकोस. आणि त्याच्याकडे जायचं तेही रियाज झाल्यावर.