मराठी पुस्तकांच्या कॅटलॉगसाठी सोलर, इलॅस्टिकसर्च की ओपनसर्च?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गिरगावातलं ग्रंथालय, 40 हजार मराठी पुस्तकं, 4 जीबीचा एकच सर्व्हर आणि सगळं सांभाळायला तुम्ही एकटे. सोलर, इलॅस्टिकसर्च, ओपनसर्च या शोध घेणाऱ्या तीन सॉफ्टवेअरपैकी कुठलं घ्यावं, आणि त्याच कामाचं मेलीसर्च चालेल का? मी विक्रोळीत एका कंपनीत सर्चचंच काम करतो, म्हणून लिहितोय.

सोलर घ्या.

तिघांच्या पोटात इंजिन एकच आहे, ल्युसीन. डग कटिंग यांनी 1999 मध्ये लिहिलेली ही जावा लायब्ररी. तिच्यावर योनिक सीली यांनी 2004 मध्ये सीनेट (CNET) या कंपनीत सोलर बांधलं, शे बॅनन यांनी 2010 मध्ये इलॅस्टिकसर्च आणलं, आणि इलॅस्टिकने 2021 मध्ये लायसन्स बदललं तेव्हा अ‍ॅमेझॉनने 7.10.2 वरून फांदी काढली, ती ओपनसर्च. त्यामुळे ‘कोण जास्त फास्ट’ हे तक्ते बघत बसू नका. 40 हजार नोंदी या तिघांनाही किरकोळ आहेत. लायसन्सच्या भांडणाचाही तुम्हाला त्रास नाही. ते इंजिन सेवा म्हणून विकणाऱ्यांचं दुखणं आहे, आणि 2024 पासून इलॅस्टिकसर्च एजीपीएल या मुक्त लायसन्सखालीही मिळतं.

तुमची खरी डोकेदुखी विभक्ती आहे. ल्युसीनमध्ये हिंदी, बंगालीचे तयार (शब्द कापून-सावरून शोधायोग्य करणारे) अ‍ॅनालायझर आहेत, मराठीचा नाही. म्हणजे वाचकाने ‘किल्ला’ टाकलं आणि शीर्षकात ‘किल्ल्यांवर’ असलं की निकाल शून्य. हिंदीचा नॉर्मलायझर मात्र जरूर लावा. तो ऱ्हस्व-दीर्घ एक करतो, त्यामुळे ‘पूस्तक’ लिहिणाऱ्यालाही पुस्तक मिळतं. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो (काही कीबोर्ड मध्ये अदृश्य जोडचिन्ह घुसवतात), तेही तो सपाट करतो.

पण क्रम सांभाळा. सोलरच्या अ‍ॅडमिनमध्ये अ‍ॅनालिसिस नावाचा स्क्रीन आहे. तिथे ‘मुंबईच्या’ टाका आणि एकेका फिल्टरनंतर शब्दाचं काय होतं ते बघा. हिंदी नॉर्मलायझरमधून तो ‘मुंबइचया’ होऊन बाहेर पडतो, कारण ई ऱ्हस्व झाली आणि हलन्त उडाला. म्हणजे प्रत्यय कापायचा नियम त्याच्यानंतर ठेवलात तर ‘च्या’ तिथे सापडणारच नाही. नियम आधी, नॉर्मलायझर नंतर. नियम साधे रेग्युलर एक्स्प्रेशनचे (अक्षरांचा नमुना ओळखून कापणारे) चालतात: च्या, मध्ये, साठी, वर, ला. यात ‘ला’ फार डांबरट. तो ‘घराला’चं ‘घरा’ करतो ते ठीक, पण ‘किल्ला’चं ‘किल्’ करून टाकतो. म्हणून अपवादांची फाइल ठेवा आणि ‘घरा’चं ‘घर’, ‘किल्ल्या’चं ‘किल्ला’ अशा सामान्यरूपांच्या जोड्याही हाताने लिहा. सगळी मराठी त्यात बसणार नाही, बसवायची गरजही नाही. शीर्षकांत वारंवार येणाऱ्या शब्दांपुरतं करा. शिवाय शीर्षकाची दोन फील्ड ठेवा, एक जसंच्या तसं आणि एक कापलेलं, आणि पहिल्याला जास्त वजन द्या. म्हणजे कापाकापी चुकली तरी हुबेहूब जुळणारं पुस्तक वरच राहतं.

हे सगळं इलॅस्टिक आणि ओपनसर्चमध्येही होतं. तरी मी सोलर सांगतोय ते त्या स्क्रीनमुळे. तुमच्या ग्रंथपाल बाईंना शेजारी बसवून तो दाखवता येतो, आणि कुठला प्रत्यय कापावा हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. दुसरं म्हणजे एका मशीनवर सोलर झूकीपरशिवाय (अनेक सर्व्हरांचा मेळ राखणारा वेगळा प्रोग्राम) मुकाट चालतं आणि सुरुवातीला 512 एमबीच हीप, म्हणजे मेमरी, मागतं. क्लस्टरच्या (अनेक सर्व्हर जोडण्याच्या) फंदात पडू नका. व्ह्यूफाइंड हे ग्रंथालयांसाठीचं ओपन सोर्स पोर्टलही सोलरवरच उभं आहे, तेव्हा आधी ते बघा. फक्त एक गोष्ट: ग्रंथालयाचा कारभार कोहावर असेल तर माझं उत्तर उलटं. कोहा झेब्रा या दुसऱ्या शोध-इंजिनाशी किंवा इलॅस्टिकसर्चशी जोडलेलं येतं, तिथे सोलर घुसवणं म्हणजे विकतचं दुखणं.

मुंबईची म्हणून एक समानार्थी फाइल लागेलच. शीव आणि सायन, वांद्रे आणि बांद्रा, परळ आणि परेल, सीएसएमटी, सीएसटी आणि व्हीटी. एका ओळीत स्वल्पविराम देऊन लिहायचं, बस. हा फिल्टर शोधण्याच्या बाजूला लावा, इंडेक्सच्या (शोधासाठी बनणाऱ्या सूचीच्या) नाही. मग नवा शब्द घातला की पुन्हा इंडेक्स करावं लागत नाही.

मेलीसर्च एका दुपारी उभं राहतं, टाइप करता करता निकाल दाखवतं आणि शेवटचा शब्द अर्धा असला तरी जुळवतं, म्हणून ‘मुंबई’ला ‘मुंबईच्या’ आपोआप सापडतं. पण वाचकाने ‘मुंबईचा इतिहास’ टाकलं आणि शीर्षकात नुसतं ‘मुंबई’ असलं की त्याचा इलाज चालत नाही, आणि प्रत्ययांचे स्वतःचे नियम घालायला तिथे जागा नाही. दुकानाच्या साइटला छान आहे.

इन्स्टॉल करण्याआधी एक तपासा. जुना कॅटलॉग श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर ती अक्षरं फक्त त्या फॉन्टमध्येच मराठी दिसतात, आत भलतेच इंग्रजी कोड असतात. एखादी नोंद नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. कचरा दिसला तर आधी सगळं युनिकोडमध्ये आणा. कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घालावे लागतात, आणि त्यालाच सर्वांत जास्त वेळ जाईल.