आईची सही कशावर झाली?

पत्र: माझं माहेर गुहागर तालुक्यात, सासर चिपळूणला. आजी आधीच गेली होती, दोन वर्षांपूर्वी वडील मृत्युपत्र न करता गेले. मागे आई, मी आणि मुंबईला असलेला भाऊ. घर, परडं आणि हापूसची साठेक कलमं, सगळं एकाच आवारात. भाऊ म्हणतो, गणपतीच्या आधी हक्कसोड करून दे. केली तर सासरचे म्हणणार, स्वतःचा हक्क सोडून आली. नाही केली तर माहेर तुटेल. भाऊ वाईट नाही, दरवर्षी न चुकता आंब्याची पेटी पाठवतो. आईची सही तर मे महिन्यातच झाली. मला रात्र रात्र झोप लागत नाही. काय करू?
– एक माहेरवाशीण

ताई, तुमच्या पत्रात भाऊ आहे, सासर आहे, आंब्याची पेटी आहे, तुमची उडालेली झोप आहे. आई मात्र एकाच वाक्यात येते आणि तिथेच संपते. तिची सही मे महिन्यातच झाली म्हणता. कशावर झाली? कुठे झाली? कागद तिला कुणी वाचून दाखवला का? तुम्ही हे तिला विचारलेलंच दिसत नाही. चिपळूणहून माहेर असं किती लांब आहे? एवढ्या चार महिन्यांत एकदा जाऊन विचारता आलं असतं.

तुमचा वाटा तुम्ही सोडा किंवा ठेवा, तो तुमचा निर्णय. तुम्हाला नवरा आहे, घर आहे, लिहिता-वाचता येतं. आईला ते आवार सोडून दुसरं काय आहे? म्हणून तुमच्या सहीचा विषय तूर्त बाजूला ठेवा. आधी आईचा कागद हातात घ्या.

मृत्युपत्र नसल्यामुळे जमीन वडिलोपार्जित असो की वडिलांनी स्वतः घेतलेली, तुमच्या घरात हिशोब एकच येतो: आई, तुम्ही आणि भाऊ, प्रत्येकी एक तृतीयांश. मुलीच्या हक्काबद्दल आता शंका उरलेली नाही, वडिलोपार्जित मिळकतीत तो जन्मापासूनचा असल्याचं २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. आईच्या हक्काबद्दल मात्र कुणी बोलत नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात विधवा पत्नी मुलांच्या बरोबरीची वारस आहे, आणि कलम १४ प्रमाणे तो वाटा तिच्या पूर्ण मालकीचा आहे. ती मुलाच्या घरात राहत नाही, स्वतःच्या घरात राहते.

तिच्याजवळ एकटीने बसा आणि साधं विचारा: फोटो काढला होता का? अंगठा मशीनवर ठेवलास का? दोन्हीला हो म्हणाली, तर कागद दुय्यम निबंधकांकडे, म्हणजे दस्त नोंदवायच्या सरकारी कार्यालयात, नोंदवलेला असणार. नुसती वकिलाकडे किंवा नोटरीच्या शिक्क्यावर सही झाली असेल, तर तेवढ्याने तिचा हक्क सुटलेला नाही. स्थावर मालमत्तेचं हक्कसोडपत्र नोंदवावंच लागतं. नोटरीचा कागद किंवा तलाठ्याकडे दिलेली वर्दी दाखवून आईचं किंवा बहिणीचं नाव कमी करून घेण्याचे प्रकार आपल्याकडे खूप झाले, आणि घरच्यांनी ते चालवून घेतले.

नोंदवलेला असेल, तर तो कसला कागद आहे यावर सगळं अवलंबून आहे. कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आईच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद असेल, तर ते साधारणपणे आईला रद्द करता येतं. त्याच कार्यालयात रद्दपत्र नोंदवायचं, भावाला लेखी नोटीस द्यायची, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची. मात्र त्या मुखत्यारपत्रावर आधीच विक्री झाली असेल, तर ती नुसत्या रद्दपत्राने मागे फिरत नाही, म्हणून उशीर करू नका. हक्कसोड किंवा बक्षीसपत्र असेल, तर आईला ते एकतर्फी मोडता येत नाही. फसवून किंवा न सांगता सही घेतली असेल, तर दिवाणी न्यायालयात जावं लागतं, आणि खरी गोष्ट कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. तुम्ही विचारलंत की आईला कळणार, म्हणून तारीख लिहून ठेवा.

आता कागदांकडे या. डिजिटल सातबारा १५ रुपयांत महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतो. वडिलांनंतर तिघांचीही नावं वारस म्हणून लागलीत का ते पाहा. आईच्या नावाला कंस झाला असेल, म्हणजे नाव कमी केलं असेल, तर ज्या फेरफाराने (सातबाऱ्यातला बदल नोंदवणाऱ्या नोंदीने) झाला त्याचा नंबर घ्या आणि तो फेरफार काढा. नोंद अजून मंजूर झालेली नसेल, तर नोटिशीपासून १५ दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. हरकत आली की ती नोंद तक्रारी होते आणि दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मंजूर होत नाही. मंजूर झाली असेल, तर ६० दिवसांत प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील. हक्कसोडपत्राची नक्कल दुय्यम निबंधकांकडे कुणालाही मागता येते. मुखत्यारपत्राची मात्र तशी मिळत नाही, म्हणून आईला बरोबर न्या.

‘घरपट्टी आईच्या नावावर आहे, काळजी कसली’ असं कुणी म्हटलं, तर ऐकू नका. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा करवसुलीसाठी असतो, त्याने मालकी ठरत नाही. आपल्याकडे घर बागेच्याच गटात, म्हणजे सातबाऱ्यावरच्या त्याच नंबरच्या जमिनीत उभं असतं. कागदात पूर्ण गट नंबर लिहिला असेल, तर कलमांबरोबर चूल, न्हाणी आणि पडवी सगळं त्यात गेलं. उद्या भावाने बाग विकली, तर घेणारा पार्टी म्हणून येईल, तुमच्या आईला तो ओळखत नाही.

समजा आईने सगळं समजून, राजीखुशीने दिलं. देऊ दे, तो तिचा अधिकार आहे. पण दोन गोष्टी कागदावर हव्यात. एक, त्या घरात तहहयात राहण्याचा आणि बागेच्या उत्पन्नातून खर्च घेण्याचा तिचा हक्क, जो सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यातही नोंदवून घ्यावा. दुसरी, मुलगा तिचा सांभाळ करील ही अट. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ या अटीवर उभं आहे. साठी ओलांडलेल्या माणसाने सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडून ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. अट लेखी नसली की तिथे भांडत बसावं लागतं. मे महिन्याच्या कागदात ती नसेल, तर भावाकडून आता वेगळा करारनामा नोंदवून घ्या. त्याला तुमची सही हवी आहे, म्हणजे आज तो तुमचं ऐकेल. सही दिल्यानंतर ऐकेलच असं नाही.

वकिलाच्या फीची अडचण असेल, तर न्यायालयाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते. तिथे स्त्रियांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

भाऊ वाईट नाही हे मी मान्य करते. चांगला भाऊ आईच्या कागदाची नक्कल बहिणीला दाखवायला कचरणार नाही. त्याला फोनवर एवढंच सांगा: ‘आईने मे महिन्यात काय लिहून दिलं ते वाचल्याशिवाय मी कशावरही सही करणार नाही.’ तो रागावला तर रागावू दे. नक्कल व्हॉट्सअ‍ॅपवर आली, तरी तुम्ही जाच, आणि याच आठवड्यात जा. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं, तेव्हा आई कुणासमोर काही बोलणार नाही. जाताना वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि सातबारा न्या, आईचं आधार कार्ड कुणाकडे आहे ते विचारा, आणि दुसऱ्याकडे असेल तर आधी ते परत मागा.