गुडघ्याचे लिगामेंट हाडाला नेमके कुठे आणि कसे जोडलेले असतात?

लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणारी चिवट पट्टी. गुडघ्यात मुख्य चार. सगळ्यांत चर्चेतला एसीएल (अँटिरिअर क्रुशिएट लिगामेंट; अँटिरिअर म्हणजे पुढचा). तो मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या गोलाकार टोकाच्या आतल्या बाजूला, मागच्या भागात सुरू होतो आणि पुढे, खाली, आत उतरत नडगीच्या माथ्यावरच्या मधल्या खडबडीत जागेच्या पुढच्या भागात रुततो. पँटच्या खिशात हात घाला: बोटं जशी तिरकी जातात, तीच त्याची दिशा. पीसीएल (पोस्टिरिअर, म्हणजे मागचा) बरोबर उलटा: आतल्या गोलाकार टोकापासून नडगीच्या मागच्या कडेपर्यंत. दोघांची फुली होते. एसीएल, पीसीएल ही नावं नडगीवर ते पुढे जोडलेत की मागे, यावरून पडली आहेत. मांडीकडे बघून पाठ करणाऱ्यांचा हमखास घोळ होतो.

बाजूच्या दोघांपैकी आतला एमसीएल (मिडिअल कोलॅटरल लिगामेंट) रुंद पट्टीसारखा, सांध्याखाली साधारण ६ सेंमीपर्यंत पसरतो. त्याचा खोल थर आतल्या मेनिस्कसलाही (सांध्यातल्या लवचिक गादीला) चिकटतो. बाहेरचा एलसीएल (लॅटरल कोलॅटरल लिगामेंट) दोरीसारखा, नडगीला न जाता फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या) डोक्याला जोडतो. बसून घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवलात तर बोटाला लागतोही.

आता 'कसे'. मऊ दोरी थेट कडक हाडाला जोडली तर ताण जोडावरच येईल. म्हणून बहुतेक ठिकाणी चार थर असतात: लिगामेंट, तंतुमय कूर्चा (कार्टिलेज), कॅल्शियम साठलेली कूर्चा आणि हाड. एमसीएलचं खालचं टोक मात्र मुख्यतः हाडावरच्या आवरणातून जोडलेलं असतं. शस्त्रक्रियेनंतर हा चार थरांचा जोड पूर्णपणे पूर्ववत होत नाही.