टोळीला कठोर शिक्षा, पण खर्च कोणाचा?

प्रश्न : आमच्या नदीतून रेती चोरणाऱ्या टोळीने गावच्या कोतवालास मारहाण केली. तिला ‘मोक्का’ (महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा) लावावा, असे गावाला वाटते. त्याचा सरकारवर कितीसा बोजा पडणार? – एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : आपला संताप रास्त आहे. १९९९ च्या या कायद्यात अशा गुन्ह्याला किमान ५ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. परंतु जामीन अवघड असल्याने आणि दोषारोपपत्राची मुदत ९० वरून १८० दिवसांपर्यंत वाढवता येत असल्याने खर्च निकालाच्या कितीतरी आधीच सुरू होतो. कच्च्या कैद्याचे जेवण, औषधपाणी, पहारा, शिवाय दर तारखेला त्याला न्यायालयात नेणारी गाडी आणि शिपाई, जे तेवढा दिवस आपल्या ठाण्यात नसतात. सोयाबीनच्या सोंगणीत मजुरी बुडवून एसटीने साक्षीला जाणाऱ्या माणसाचे नुकसान तर कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, आणि मला तेच अधिक सलते.

म्होरक्यावर हा खर्च अवश्य व्हावा. रोजाने घमेली भरणाऱ्या पोरावर नव्हे. मोक्क्यासाठी मागील १० वर्षांत टोळीवर तीन वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांची एकाहून अधिक दोषारोपपत्रे दाखल असावी लागतात. तशी ती आहेत का, हे प्रथम ठाण्यात विचारावे.