‘खळांची व्यंकटी सांडो’ म्हणजे नेमकं काय?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंचा प्रश्न आला आहे. गावात धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादातून भाऊबंदकीत खून झाला. त्याच आठवड्यात सामुदायिक प्रार्थनेनंतर पसायदान म्हटलं गेलं, आणि एक बुजुर्ग म्हणाले, “अशायले चौकात फाशी देल्ली पायजे. ज्ञानोबानं बी तेच मांगतलं, खयायचा नाश होवो म्हून.” ताई विचारतात, ‘व्यंकटी सांडो’चा असा अर्थ होतो का?

नाही होत, ताई. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. ‘वक्र’चं प्राकृतात ‘वंक’ झालं, त्यातून आपला ‘वाकडा’ आला. व्यंकटी याच गोतातली. व्यंकटेशाशी तिचं नातं नाही. लहानपणी मला मात्र व्यंकटी नावाचा कुणी माणूस खळांच्या हातून सांडला असं वाटायचं. त्यात आमची आजी वऱ्हाडी वळणानं ‘खयाची’ म्हणायची, म्हणजे डोळ्यांपुढे तुरीचं खयंच यायचं. गंमत अशी की संस्कृतात ‘खल’ या शब्दाला दुष्ट आणि धान्याचं खळं हे दोन्ही अर्थ आहेत. यातून कीर्तनकाराला दाणा-भुशाचा दृष्टान्त सुचेल, पण अर्थ म्हणून तो इथे खपवू नये.

खरी गोम व्याकरणात आहे. ‘जे खळांची व्यंकटी सांडो, तया सत्कर्मी रती वाढो.’ सांडायची आहे ती व्यंकटी. खळ षष्ठीत आहे, तो मागे उरतो. उरतो म्हणूनच पुढे ‘तया’ म्हणता येतं: त्यालाच सत्कर्माची गोडी लागो. खळाचा नाश झाला असता तर ही गोडी लागायची कुणाला? पुढच्या ओवीतही दुरिताचा अंधार जावो असं मागणं आहे. दुरित करणारा जावो असं नाही.

आणि हे नकळत झालेलं नाही. पसायदान ज्ञानेश्वरीच्या शेवटी येतं. ज्या गीतेवर ही टीका आहे, तिच्या चौथ्या अध्यायात ‘विनाशाय च दुष्कृताम्’, म्हणजे दुष्टांच्या नाशासाठी, असं स्पष्ट आहे. त्यावर भाष्य करूनच ज्ञानेश्वर अठराव्याच्या शेवटी आले. शके 1212 मध्ये टीका पुरी करताना नाश मागायचा असता तर शब्द हाताशीच होता.

तरीही त्यांनी ‘खळ’ म्हणायचं सोडलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. ‘बिचारा, दारूनं बिघडला’ अशी सोडवणूक ते करत नाहीत. दारू, मोबाइल, ‘त्या घरचं रक्तच तसं’ ही आपली ठेवणीतली उत्तरं. दोन दिवस पारावर पुरतात आणि धुऱ्याचा वाद होता तिथेच राहतो. व्यंकटी म्हटलं की वाकडं कुठून गेलं ते बघावं लागतं: मोजणी कधी झाली, वाटणी कुणी रखडवली, दोन्हीकडच्यांना चेव कुणी दिला. बांबूची काठी वाकडी निघाली तर बाक कुठे आहे ते आधी हातानं चाचपतात, मग तेवढाच भाग विस्तवावर शेकून गुडघ्यावर दाबतात. सगळी काठी चुलीत घालणं सोपं असतं.

आपल्या भाषेत याच्या उलट म्हणही आहे: कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. तुमचे बुजुर्ग या म्हणीच्या बाजूचे आहेत, पसायदानाच्या नाही. एवढं मान्य केलं तर वाद प्रामाणिक होईल. कुणी तुकोबांची नाठाळाच्या माथ्यावरची काठी पुढे करेल. करू द्या, फक्त त्या अभंगाची सुरुवात ‘मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास’ अशी आहे, तेही म्हणायला सांगा.

व्यंकटी सांडली म्हणजे शिक्षा टळली, असंही ओवीत कुठे नाही. वर्ध्याजवळच्या पवनारला आश्रम असलेले विनोबा 1960 साली चंबळच्या खोऱ्यात गेले, तेव्हा वीसेक डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. पण कोर्टकचेऱ्या त्यांना चुकल्या नाहीत.

एक गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरती लिहिली आहे: गेलेल्याची बायको त्या दिवशी प्रार्थनेला बसली होती. मग त्या संध्याकाळी तुम्ही बुजुर्गांना अडवलं नाहीत ते ठीकच केलंत. मी असतो तर मीही तिच्यासमोर ‘तया’चं व्याकरण काढलं नसतं. ती ही ओवी म्हणते की तिथे गप्प राहते, ते तिचं तिला ठरवू द्या. बुजुर्गांना मात्र एकटं गाठून सांगा, आणि सातबारा सोबत न्या.