अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना तिथलं आयुष्य खरंच आवडतं, की नुसतं सांगायला चांगलं सांगतात?

मी बडोद्याची, दांडिया बाजारातली, लग्नानंतर न्यू जर्सीला गेले. सध्या आईकडे आलेय आणि खंडेराव मार्केटात भाजी घेताना पण लोक हेच विचारतात. माझं म्हणणं, त्या माणसाच्या हातात कुठला कागद आहे ते आधी विचारा.

एच-१बी, म्हणजे नोकरीपुरत्या व्हिसावरचा माणूस पगाराचं, रस्त्यांचं, मुलांच्या शाळेचं भरपूर कौतुक करेल, पण घर घेतलंस का म्हटलं की गप्प. नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधा नाहीतर निघा, अशी अवस्था. ग्रीन कार्डाचं, म्हणजे कायम राहायच्या परवान्याचं तर विचारूच नका, नोकरीवरून मिळणारी कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना ७ टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे आपल्या लोकांची रांग दहा-पंधरा वर्षं संपतच नाही. त्यात लहानपणी नेलेलं मूल २१ चं झालं की आईबापाच्या व्हिसातून बाहेर, मग जिथे वाढलं तिथेच राहायला त्याला स्वतःचा स्टुडंट व्हिसा काढावा लागतो. माझ्या एका मैत्रिणीच्या मुलीचं हेच झालं. मैत्रिणीला अमेरिका कशी आहे विचारलं तर ती व्हिसा बुलेटिनच्या, म्हणजे ग्रीन कार्डाची रांग कुठवर आली त्या सरकारी पत्रकाच्या तारखाच सांगते, आणि मला तिचं शंभर टक्के पटतं.

कार्ड आलं की तोच माणूस कुरकुर सुरू करतो, प्रॉपर्टी टॅक्स किती, इन्शुरन्स असून डॉक्टरचं बिल किती. इथल्या नातेवाईकांना वाटतं कंटाळला बिचारा, परत येणार. मला वाटतं आता कुठे तो तिथला झाला, कारण पाहुणा तक्रार करत नाही.

आपण बडोद्याचे मराठी तरी मूळचे इथले कुठे? १७३४ मध्ये गायकवाडांनी बडोदं घेतलं, मग कारकून, शास्त्री, शिलेदार येत गेले. अर्थात तेव्हा राज्यच आपल्या माणसाचं होतं, व्हिसावाल्याशी त्याची बरोबरी नाही. पण १९४९ ला संस्थान गेलं, १९६० ला गुजरात वेगळा झाला, तरी आमच्यासारखी कितीतरी घरं इथेच राहिली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरात आलं तेव्हा माझे काका नगरसेवकाला गुजरातीत असे काही बोलले की बास, आणि तुम्ही बाहेरचे असं कोणी म्हणालं नाही.

माझं विचाराल तर हो, मी तिथे सुखी आहे. आई इथे एकटी असते याचा त्रास मात्र कुठल्याच कागदाने जात नाही. नागरिकत्व घेतलं तेव्हा भारताचा पासपोर्ट जमा करावा लागला, त्या रात्री खूप रडले, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर इथे हवं तेवढं राहता येतं पण मत देता येत नाही. तिथे मात्र आता देते, आणि मागे शाळेची बस बंद करायला निघाले होते तेव्हा टाउनशिपच्या मीटिंगला माईकसमोर उभी राहून भांडलेही.